नातीला उचलण्याची पूर्वतयारी

मंगळवार, ६ मे
डॉक्टरांकडे जाऊन आलो. बाई माझ्या मुलीच्या वयाच्या, मला काका म्हणतात. विषय किरकोळ. दोन महिन्यांच्या नातीला हातात घ्यायचं म्हटलं की डोक्यात एक वाक्य उमटतं : ‘आता तू हिला टाकणार.’ टाकायची इच्छा नाही, कारण नाही, तरी वाक्य हजर. परिणामी नातीला अजून बोटही लावलेलं नाही.
बाई म्हणाल्या, अँक्झायटीत असं होतं, आणि ज्याला असे विचार नकोसे वाटतात त्यालाच ते छळतात. रोज सकाळी एक गोळी. गुण यायला काही आठवडे लागतील, सुरुवातीला बेचैनी थोडी वाढेल, मनाने बंद करायची नाही. आणि काका, विचाराशी वाद घालू नका. येतोय तर येऊ द्या.
वाद घालू नका! हे न्यायशास्त्र, म्हणजे वादाचंच शास्त्र, शिकलेल्या माणसाला!
१९ तारखेपासून लेक कामावर रुजू. मी घरूनच काम करतो, म्हणून सकाळी बारापर्यंत नात माझ्याकडे. हे ठरलं तेव्हा मी मान हलवली होती. होकारार्थी हलली असावी.
संकल्प : गुरुवारपर्यंत बरं होणे.

बुधवार, ७ मे, सकाळी ९
चहाबरोबर गोळी घेतली. माहितीपत्रक वाचलं. औषधाच्या खोक्यातली ही पत्रकं मराठीत आणणं हाच माझा धंदा, त्यामुळे व्यावसायिक नजरेने. ‘मुखशुष्कता’ शब्द चपखल.

सकाळी ११
मुखशुष्कता. मळमळ. कंप. भोवळ. सगळं पत्रकातल्या क्रमाने. माझं शरीर मुळातच शिस्तीचं.

दुपारी २
ही शाळेत शिकवून आली. विचारलं, बशीत गोळी कोणाची?
चहा प्यायलो होतो, एवढं नक्की.
गोळी आता घेतली. त्यानंतर काहीही होत नाही. संशयास्पद.

शुक्रवार, ९ मे
विचाराचं नाव पूर्वपक्ष ठेवलं. शास्त्रात आधी विरोधकाचं म्हणणं मांडतात, तो पूर्वपक्ष. मग त्याचं खंडन. आज बाथरूममध्ये रीतसर खंडन केलं. चाळीस वर्षांत मी साधा कप मुद्दाम फोडलेला नाही, सबब नात टाकणे असंभव. निरुत्तर झाला. निरुत्तर होऊन तिथेच बसून राहिला. थोड्या वेळाने म्हणाला, पण समजा?
‘पण समजा’ला कुठल्याच दर्शनात उत्तर नाही. शास्त्रकारांनी एवढी मोठी फट ठेवायला नको होती.
बाहेरून ही म्हणाली, अहो, कोणाशी बोलताय? आणि जिंकत असाल तर बाहेर या, मला उशीर होतोय.

रविवार, ११ मे
लेक, जावई आणि गाठोडं आले. (नातीला गाठोडं म्हणतो. लांबून म्हणायला बरं.)
लेकीने पुढे केलं, बाबा, घ्या ना. मी मनगट दुखत असल्याचं सांगितलं. जावई म्हणाले, कुठलं? मागच्या वेळी डावं होतं. जावई ऑडिटर आहेत. माणूस वाईट नाही, डोळे धंद्याचे.
लेक गाठोड्याचं अंगडं नीट करत बसली. ते नीटच होतं.
गेल्यावर हिचं म्हणणं, तिला खरं काय ते सांगा, ती मनाला लावून घेतेय. सांगू काय? की तुझा बाप तुझं मूल टाकण्याबद्दल वाक्यं ऐकतो? काही प्रतिष्ठा असते. शिवाय ऐकल्यावर कोण आपलं मूल ठेवेल?

मंगळवार, १३ मे
झोप उडाली आहे, जांभया मात्र चालू. असा विरोधाभास अलंकारशास्त्रात शोभतो, दुपारी तीन वाजता नाही.
प्रात्यक्षिक. गाठोडं पाच किलोचं, पिठाची पिशवीही पाच किलोची. पिशवी दुपट्यात गुंडाळली, छातीशी धरली, खोलीभर फिरलो. खिडकीपाशी पूर्वपक्ष म्हणाला, टाक. नाही टाकली! दुसरी फेरी. नाही टाकली! तिसऱ्या फेरीला बेल वाजली.
ही किल्लीने आत आली तेव्हा मी गुडघाभर पिठात होतो. हे काय, म्हणाली. म्हटलं, सराव. म्हणाली, झाडू दाराच्या मागे आहे, त्याचाही करा.
तांत्रिकदृष्ट्या मी टाकली नाही. बेलने टाकली.

गुरुवार, १५ मे
संपादकांचा फोन. खोकल्याच्या औषधाच्या पत्रकात मी ‘औषध पाजताना बाळास खाली टाकू नये’ असं लिहिलं आहे, आणि मूळ मजकुरात असं काही नाही. मी म्हणालो, पण सूचना योग्य आहे. ते म्हणाले, योग्य आहे हो, पण खोकल्याचा काय संबंध?
गोळी निरुपयोगी ठरवून बंद करायचं ठरवलं. डॉक्टरांना फक्त कळवण्यासाठी फोन केला. त्या म्हणाल्या, चालू ठेवा, अजून दिवस किती झालेत? आणि वाद घालताय ना, काका?
मी विषय बदलला.

रविवार, १८ मे, सकाळ
आजचा बेत : सर्वांसमक्ष नातीला स्वीकारणे. चार वाक्यांचं मनोगत तयार. आवाज स्थिर. मी पूर्ण बरा आहे.

संध्याकाळ
लेकीने गाठोडं पुढे केलं. मी म्हणालो, मला कणकण आहे.
ती रडायला लागली. म्हणाली, बाबा, सरळ सांगा ना, तुम्हाला ती आवडत नाही. मी उद्या दुसरीकडे सोय बघते.
मनोगत आठवेना. तोंडातून भलतंच निघालं, की आवडते गं, पण घ्यायची म्हटलं की वाटतं मीच टाकीन, त्याच्यावर गोळ्या चालू आहेत. जावयांनी टीव्ही बंद केला.
लेक डोळे पुसून म्हणाली, बाबा, मलाही जिन्यावर तेच वाटतं. रोज. ही झाल्यापासून. दवाखान्यातल्या नर्सला घाबरत घाबरत सांगितलं, तर ती म्हणाली, पुष्कळ जणींना वाटतं. मग मी काय जिना उतरायचं सोडलं का?
माझा पूर्वपक्ष! माझ्या दहा दिवसांच्या खंडनमंडनाचा विषय! जिन्यावर कोणालाही होतो म्हणे.
आणि तिने गाठोडं माझ्या हातात ठेवलं, बाजारातली पिशवी ठेवावी तसं, आणि चहा करायला गेली. मी जावयांकडे पाहिलं. ते म्हणाले, बाबा, श्वास घ्या.

सोमवार, १९ मे, सकाळी ११
डाव्या हाताने लिहितो आहे. अक्षराला हसू नये.
घरात कोणी नाही. मी आणि नात. पूर्वपक्ष नऊ वाजताच आला, दर थोड्या वेळाने तेच म्हणतो. वाद घातला नाही. खरं तर सवड झाली नाही. औषधाचा गुण यायचा आहे. नातीचा लगेच आला, सदरा बदलावा लागणार आहे.
एकदा पाळण्यात ठेवून पाहिली. किंकाळी. उचलली, झोपली. पुन्हा ठेवली, पुन्हा किंकाळी. उजव्या हाताला मुंग्या आल्या आहेत. आजची गोळी स्वयंपाकघरात आहे, पाणीही तिथेच. उठलो की ही जागी होते.
मी हिला सोडणार, अशी धास्ती होती. बारा वाजेपर्यंत सोडता येईल असं दिसत नाही.