गज वीतभर लांब हवा

३ फेब्रु., मंगळवार
खराडीच्या ऑफिसातून यायला आज फार वेळ लागला. अण्णा दारातच उभे. "गज आणलास?" सकाळी काय खाल्लं ते त्यांना आठवत नाही. हे आठवतं.

आजोबांची ठासणीची बंदूक सोमवारी चौकीत जमा करायची. परवाना पुढे चालू ठेवायचा नाही, असं धाकट्या भावाने, शिरीषने, आणि मी ठरवलं. अण्णांना सांगितलं. विचारलं नाही, हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय. त्यांची एकच अट, बंदूक गजासकट द्यायची. नळीत दारू ठासायचा जुना गज आईने मच्छरदाणीला लावला होता, तिथेच तो मोडला. आई गेली, मच्छरदाणी गेली. गज राहिला माझ्या डोक्यावर.

५ फेब्रु., गुरुवार
अर्धी रजा. नळी बाहेरून टेपने मोजली, तोंडापासून मागे बार उडवायची टोपी बसते तिथपर्यंत. अण्णा खुर्चीतून, "त्याहून वीतभर लांब घे. नाहीतर धरणार कुठे?" मग नेहमीचं, "जपून. भरलेली आहे."

यावरूनच कामाच्या बाईंवर ओरडले होते, त्या काम सोडून गेल्या. तेव्हापासून शि.चा धोशा. लोणी काळभोरच्या पुढे वृद्धाश्रम आहे, जागा झाली आहे, रविवारपर्यंत कळवायचं. "ताई, भिंतीवरची बंदूक भरलेली वाटते त्यांना. अजून काय व्हायचं राहिलंय?" मी दमले आहे, हे कारण पुरेसं आहे का? शि.ला विचारायचं धाडस नाही. हो म्हणेल.

बुरूड आळीत भरीव बांबू मिळाला, सरळ, गाठी तासलेला. मापाने कापून घेतला. दुकानदार म्हणाला, "सासूबाईंसाठी का?" वडिलांसाठी म्हटल्यावर सुट्टे पैसे शोधायला लागला.

७ फेब्रु., शनिवार
अण्णा झोपले असताना गज नळीत घालून पाहिला. वीतभर बाहेर राहायला हवा, तर आणखी चार बोटं जास्त राहिला. मोजताना चुकले असणार. टॉर्च धरून नळीला डोळा लावला, आत काही दिसेना. जास्तीचा तुकडा करवतीने कापला, टोक घासलं. आता वीतभरच. माझ्या चुकीचं नवल वाटलं नाही. हल्ली ऑफिसातही सगळं दोनदा तपासते.

८ फेब्रु., रविवार
सकाळी अण्णांच्या हातात गज दिला. त्यांनी तो नळीत सोडला. नळीच्या तोंडाशी गजावर अंगठा धरला, गज काढला आणि अंगठा तसाच ठेवून बाहेरून नळीला लावला. टोक टोपीपर्यंत पोचेना. टेबलावर माझा कापलेला तुकडा पडला होता, तो उचलून त्या मोकळ्या जागेत ठेवला. नेमका बसला.

"एवढं आत आहे," म्हणाले. आवाजही चढवला नाही. "बाबांनी भरून ठेवली. डुक्कर आलंच नाही."

काल याच नळीला डोळा...

चौकीत फोन केला. हलवू नका, उद्या जाणकार माणूस पाठवतो. "इतकी वर्षं काय, आरतीला ठेवली होती का?" मग शि.ला फोन. सगळं ऐकून घेतलं. मग, "एका गोष्टीत बरोबर निघाले, ताई. गॅस कोण बंद करतं?" तेही खरंच आहे. दुपारी अण्णा मला म्हणाले, "सुमन, चहा टाक." सुमन म्हणजे आई. टाकला.

संध्याकाळी आश्रमातून फोन. बाईंचा पहिलाच प्रश्न, वडिलांना भास वगैरे होतात का? काल हो म्हटलं असतं. आज म्हटलं, थांबा, विचारून सांगते. कोणाला, ते त्यांनी विचारलं नाही.

अण्णा समोरच होते. मांडीवर गज आडवा, डोळे मिटलेले. जागे आहेत की नाही, कळेना. मी फोन धरून उभी.