खालची माती

३ मार्च

"माती स्वच्छ आहे." आमच्याच प्रयोगशाळेचा अहवाल, त्यावर साहेबांची लफ्फेदार सही. ताईच्या पाळणाघरातल्या विहिरीला डिझेलचा वास येतो, पोरांचे हात धुतले तरी येतो, आणि माती म्हणे स्वच्छ! भिंतीपलीकडे बस डेपो, तिथे जमिनीत डिझेलची जुनी टाकी. आंधळ्यालाही दिसेल. मला मात्र साहेबांनी लांब ठेवलं. "तुझ्या घराला लागून आहे, तू नमुने घ्यायला जायचं नाहीस." बरं. पण गप्पही बसायचं, असं कुठे म्हणाले?

५ मार्च

सापडलं. ड्रिलवाल्या काकांनाच विचारलं, इतक्या वरवरची माती कशी आणलीत? ते शांतपणे म्हणाले, "साहेब म्हणाले, खालची घ्या. मी खालची घेतली." म्हणजे साहेबांना हवी होती तशी खोलची नव्हे, उताराच्या खालच्या टोकाची, डेपोच्या भिंतीलगतची. वीतभर खणून!

हसावं की कपाळ बडवावं कळेना. अहो, डिझेल वर बसून राहतं का? वरचं ऊन-वारा उडवून नेतात, उरलेलं जिवाणू खातात. पण त्या बिचाऱ्यांना हवा लागते. जे खोल उतरलं तिथे हवा नाही, मग जिवाणूंचं जेवण रेंगाळतं, वर्षानुवर्षं. ते डिझेल झिरपत भूजलापर्यंत जातं, तिथे तवंग धरतं आणि पाणी नेईल तिकडे जातं. हे साहेबांना मी सांगायचं का?

६ मार्च

सांगितलं. साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "एका शब्दासाठी सगळं पुन्हा?" म्हटलं, शब्द तुमचाच होता. "नोकरी नकोशी झालीय का?" नाही झाली. पण पोरांच्या हाताला डिझेल नको आहे, ते आधी.

ताई म्हणाली, "तू भांड. मी तोवर बाहेरून पाणी आणते. पण दोघींच्या आया पोरं काढून घेतो म्हणाल्यात." हे पाळणाघर बंद पडलं तर ताई खचेल. मी पडू देणार नाही.

८ मार्च

काकांनी हाताने फिरवायचं गिरमिट दिलं. चूक त्यांनाही लागलीय मनाला. रविवारी मीच खणणार, ताईच्या जागेत. कुणाच्या बापाची भीती आहे?

जेवताना बाबा म्हणाले, "जुनं कशाला उकरतेस?" हे बाबा! रोज डेपोवाल्यांना शिव्या घालणारे. गुडघे जाईपर्यंत घरामागे गॅरेज चालवलं, डेपोच्या बसगाड्यांसकट गावाच्या गाड्या दुरुस्त केल्या, कुणापुढे वाकले नाहीत. मी तडकून बोलले, "तुम्हीपण त्यांच्याच बाजूने?" ताटावरून उठून गेले. वाईट वाटलं. माफी मात्र मागितली नाही.

११ मार्च

हाताला फोड आलेत. तीन भोकं पाडली, पाणी लागेपर्यंत.

विहिरीजवळ करडी-काळी माती, डिझेलचा वास. बरणी झाकणापर्यंत गच्च दाबून भरली. आत हवा ठेवली की वास तिच्यात जमतो आणि झाकण उघडताच चोर पसार. मनात म्हटलं, आता बघते डेपोला.

डेपोच्या भिंतीजवळ काही नाही. अजून खोल गेले. तरी काही नाही.

आमच्या कुंपणाजवळच्या भोकात वास इतका की डोळ्यांत पाणी आलं. भोकांतल्या पाण्याची पातळी मापली. आमच्या बाजूला उंच, विहिरीपाशी कमी, डेपोपाशी सगळ्यात कमी. पाणी आमच्याकडून तिकडे जातंय.

काकांनी त्या दिवशी सांगितलंच होतं की! खालचं टोक म्हणजे डेपोचं. मी, मातीवाली, रागाच्या भरात ऐकलंच नाही. विहिरीच्या वर डेपो नाहीच. वर फक्त आमचं घर आहे.

१२ मार्च

भोकं बुजवली तर कुणाला कळणार नाही. साहेब तर खूशच होतील.

नाही बुजवणार. मग साहेबांत आणि माझ्यात फरक तो काय? विहीर बंद करायची, तवंग उपसायचा, नळ्यांनी खाली हवा सोडायची. हवा मिळाली की जिवाणू उरलेलं खातील, वेळ लागला तरी. नळजोड घेतला की पाळणाघर नळाच्या पाण्यावर चालेल. पण कुठून झिरपतंय ती जागा आधी सापडायला हवी. बाबांना विचारायची हिंमत होत नाही. डेपोशी भांडणं किती सोपं होतं.

१३ मार्च

सकाळी परसात गिरमिट लावलं. बाबा काठी टेकत आले. "तिथे नको," म्हणाले आणि धुण्याच्या दगडामागे काठी आपटली. "इथे खण. सुटे भाग डिझेलने इथेच धुवायचो, उरलेलं इथेच ओतायचो. मातीत जिरतं, म्हणजे गेलं, असं वाटायचं."

बरणी भरली. चिठ्ठीवर लिहिलं, 'वरची बाजू, खोल माती', आणि खाली आमच्या घराचा नंबर. बाबांनी चष्मा लावून वाचलं.

"घराचा नको," म्हणाले. "माझं नाव लिही."