कोणता घेऊ ते कळवा

१४ सप्टेंबर, दुपार
दुकानातून

चि. ठमीस बाबांचे आशीर्वाद.

आम्ही दोघं ठीक आहोत. आईचे गुडघे रोजच्यासारखेच कुरकुरतात, आणि मीही, असं तिचं म्हणणं. दुरुस्तीला कामं बरी येताहेत. सकाळपासून दोन कीबोर्ड साफ केले. लोक हल्ली चहा स्वतः कमी पितात आणि कीबोर्डला जास्त पाजतात.

तुझ्या लॅपटॉपविषयी. पहिल्या पत्रात मी वजनाचं लिहिलं होतं, की दुकानदार सांगतात ते चार्जर सोडून असतं. दुसऱ्यात पडद्याचं, की चकचकीत पडद्यात वर्गातल्या ट्यूबलाइट तेवढ्या दिसतात. तिसऱ्यात बटणांचं. आता बिजागरीचं राहिलं. लहान लॅपटॉप लोक एका कोपऱ्याला धरून उघडतात आणि वर्षभरात माझ्याकडे घेऊन येतात. तेव्हा घेण्याआधी पडदा मधोमध धरून दहादा उघडून बघ, आणि काय वाटलं ते सविस्तर कळव, मग पुढचं

इथवर लिहिलं आणि आई डबा घेऊन आली. खांद्यावरून वाचलंन आणि म्हणाली, "अहो, पोरीने लॅपटॉप विचारलाय, स्थळ नाही. किती चौकशा कराल?"

"वस्तू पारखून घेतलेली बरी," मी म्हटलं.

"तिचं कालचं पत्र नीट वाचलंत ना?"

वाचलं. दोनदा वाचलं. तू लिहिलंस, सर भरभर बोलतात, परवा लिहून घेताना हात इतका आखडला की पेन धरवेना, तास अर्धा टाकून उठून आले, बाबा, आता तरी सांगा कोणता घेऊ.

ठमे, खरं सांगतो. कोणता घ्यायचा हे मला तुझी पहिली चिठ्ठी आली त्याच दिवशी ठाऊक होतं. एका शिक्षिकेचा तोच लॅपटॉप तेव्हा माझ्या टेबलावर उघडा पडला होता. पण दीड वर्षात तुझ्याकडून आलेला तो पहिला कागद. फोनवर आपलं भांडण होतं म्हणून लिहूनच कळवा, असं त्यात बजावलं होतंस. मला वाटलं, एकदा नाव सांगितलं की 'बरं' म्हणशील आणि संपलं. म्हणून दर वेळी एक नवी शंका काढत बसलो, आणि प्रत्येक शंकेला तुझं उत्तर येत गेलं. गल्लीच्या तोंडाशी पोस्टमन दिसला की मी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवायचो. तिकडे तुझा हात दुखत होता आणि इकडे माझी चैन चालली होती. चुकलं माझं.

त्याआधीचंही चुकलं. चौतिसाव्या वर्षी नोकरी सोडून वकिली शिकायला निघालीस, तेव्हा सगळ्यांदेखत मी म्हणालो, "आता वर्गात बसून काय दिवे लावणार आहेस?" तुझ्या शिकण्याशी माझं काही वाकडं नव्हतं गं. तू घरातून जाणार, हेच सहन होत नव्हतं. ते सांगायला जीभ रेटली नाही, आणि नको ते मात्र फाडकन बोलून गेलो. जाताना तू दुकानात निरोप घ्यायला आलीस तर मी मान वर केली नाही. हातात तातडीचं काम आहे असं दाखवलं. खरं म्हणजे त्या दिवशी दुरुस्तीला काहीच आलेलं नव्हतं, मी माझाच चालू कॉम्प्युटर खोलून बसलो होतो. तू गेल्यावर तो जोडायला मला दोन दिवस लागले.

तर सांगतो. बारा इंची, करड्या रंगाचा, आत पंखा नसलेला, त्यामुळे वर्गात आवाज होत नाही. एकदा चार्ज केला की सगळे तास निघतात. नाव वेगळ्या चिठ्ठीवर लिहून सोबत टाचलं आहे. पत्र मिळालं की लगेच जाऊन घे, आणखी काही बघत बसू नकोस.

आता मला विचारण्यासारखं तुझ्याकडे काही उरलं नाही. माझ्याही शंका संपल्या. तरीसुद्धा पत्र पाठव. हात बरा झाला की दोनच ओळी लिही, कशाबद्दलही.

तुझी वाट पाहणारा,
बाबा