सहावी मालिका, भाग चौदा

३ फेब्रुवारी २०२६, मंगळवार

रव्या गेला. सकाळी नऊला, पाठीवर काळी बॅग, फोन बंद. काल पोलीस भरतीची यादी लागली — तिसऱ्यांदा नाव नाही. बाबा ओसरीतून ओरडले, "दिवसभर तबकड्या पाहाच्या अन् वर्दी पाह्यजे! मले तोंड दाखवू नको तुहं." रव्या भांडला असता तर बरं होतं.

तबकड्या म्हणजे आमची 'सितारा गश्त'. अंतराळातल्या जहाजांची परदेशी मालिका, हिंदीत बोललेली. एक जहाज भंगारात गेलं की दुसरं येते, नवा कप्तान येते — अशा अकरा मालिका, सहाशेच्या वर भाग! मी सातवीत होते अन् रव्या दुसरीत, तवापासून पाहून राह्यलो, संपल्या की पुन्हा पहिलीपासून. आमचा नेम एकच : एकट्यानं पुढं जायचं नाही. मी मालेगावच्या दवाखान्यात केसपेपर लिहून साडेसहाला घरी येते, मग चहा अन् एक भाग. परवा सहाव्या मालिकेचा चौदावा अर्धाच झाला, लाइन गेली. कप्तानीण बाई बंद दारावर हात ठेवते, तिथंच. बाविसावं मिनिट.

बाबांनी टीव्हीवर चादर टाकली. "या घरात हे पुन्हा लागलं नाही पाह्यजे."

४ फेब्रुवारी

फोन बंद.

५ फेब्रुवारी

बंदच. त्याच्यासोबत रोज पहाटे मैदानावर पळणारा प्रसेनजित म्हणते, "ताई, मले काईच नाई सांगतलं त्यानं. खरंच."

मायनं भाकरीचा तुकडा मोडला अन् तसाच ताटात ठेवला. बाबा म्हणाले, "उद्या ठाण्यात जातो. हरवल्याची तक्रार देतो."

६ फेब्रुवारी, शुक्रवार

सापडला! म्हणजे सापडला नाही, पण आहे!

घरी येताना बसमध्ये मोबाइलवर सहज ॲप उघडलं. आमच्या खात्यात दोन चित्रं — माझा निळा गोळा, रव्याचं पिवळं हेल्मेट. हेल्मेट दाबलं. कोण कुठवर आलं, ते खाली लाल रेघ सांगते. सहावी मालिका, भाग सोळा! पाहून राह्यला म्हणजे जिवंत आहे. कुठंतरी बसून आहे, पोटात काही आहे.

घरी आले तर बाबा सदरा घालून निघालेले. खिशात रव्याचा पासपोर्ट फोटो. मी आडवी झाले. "नका जाऊ बाबा. पोलीस मागं लागले तर आणखी दूर जाईल तो. बरा हाय. पा, रोज भाग पाहून राह्यला." त्यांनी लाल रेघेवरून बोट फिरवलं, काही समजलं नाही, पण खाटेवर बसले. फोटो खिशातून काढला.

एक गोष्ट मात्र डोक्यात गेली. गधड्या, माझ्याशिवाय पुढं गेला!

९ फेब्रुवारी

भाग एकोणीस. सकाळी रेघ जिथल्या तिथं, संध्याकाळी पुढं. म्हणजे दुपारच्या सुट्टीत पाहते. कुठंतरी कामाला लागला, पक्कं.

मायला सांगितलं, "तुहा रव्या रोज दुपारी निवांत बसून पाहते."

माय थबकली. "तुले दिसते का वं?"

"खूण दिसते."

पदरानं डोळे पुसले अन् चुलीकडं गेली. आनंद झाला असेल बिचारीला.

११ फेब्रुवारी

बाबा हरभऱ्यातून येतात अन् हातपाय न धुता फाटकातच उभे राहतात. "आज?"

"बावीस."

मग जेवतात. त्यांना तेवढा आकडा पुरतो. मला खरं तर पुरत नाही. माझ्या मेसेजवर आठ दिवसांपासून एकच टिक आहे. नवं सिम घेतलं असेल. रागात असेल. माझ्याजवळ सगळ्याचं उत्तर तयार असते!

१४ फेब्रुवारी, शनिवार

डॉक्टर लग्नाला गेले, दवाखाना बंद. एकला घरी आले. फाटकातच ऐकू आलं — जहाजाची घंटी! आमच्या घरातून! रव्या आला! चपला पायात तशाच, आत पळाले.

माय. एकटी. चादर अर्धी सरकवलेली, टीव्हीच्या पार जवळ बसलेली, आवाज बारीक. पडद्याच्या कोपऱ्यात पिवळं हेल्मेट.

"माय, हे तू लावलं?"

दचकली. "तुह्या बापाले सांगू नको वं."

"कवापासून?"

"तो गेला त्याच्या तिसऱ्या रोजापासून. टीव्ही विचारते ना कोन पाहून राह्यलं, तवा त्याची पिवळी टोपी दाबतो मी. मले काय समजते त्यातलं? पन हे वाजलं की वाटते, तो आतमंदी हाय. घर मुकं झालं होतं."

खालीच बसले.

आठ दिवस! आठ दिवस मी बापाला घरी बसवलं. मायची रेघ दाखवून. अन् मला कळायला पाहिजे होतं — रव्या एकट्यानं पुढं गेलाच नसता. पंधरा वर्षांत एकदा नाही गेला! मी वर त्याच्यावरच चिडले. एवढी शहाणी मी!

मायला मी काय सांगितलं होतं, ते तिला आत्ता समजलं. "म्हंजे तुले दिसत होतं ते… माहंच?" टीव्ही बंद केला अन् चादर पुन्हा ओढली.

चारला ठाण्यात. हवालदारानं विचारलं, "अकरा दिवस काय करून राह्यले होते तुमी?" बाबांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "माही चूक झाली साहेब."

१५ फेब्रुवारी

झोप नाही. टीव्हीची वायर काढून कपाटात ठेवली.

१६ फेब्रुवारी

ठाण्यातून फोन. अकोल्याकडं रुळाजवळ एक पोरगा. वय बावीस-तेवीस. काळी बॅग. येऊन पाहा म्हणाले. बाबा अन् प्रसेनजित गाडीनं गेले. माय बाबासाहेबांच्या फोटोसमोर बसून राहिली, मी दारात. पाच तास. कोणी विचारायला आलं की मी उठून आत जायची.

सव्वाचारला प्रसेनजितचा फोन. "ताई, रवी नाही. आपला नाही."

मी हसले. फोन कानाला धरून हसले! मग त्या दुसऱ्या घराची आठवण आली अन् माझी मलाच किळस वाटली.

बाबा परत आले. अंघोळ केली अन् भिंतीकडं तोंड करून पडले.

१७ फेब्रुवारी

काही नाही. 'जिवंत' हा शब्द लिहायचीही आता भीती वाटते.

१८ फेब्रुवारी, बुधवार

कामावर गेले नाही. दुपारचे दोन. माय समोर तूर निवडून राह्यली, बाबा खाटेवर. टीव्ही मुका, वायर कपाटात. सवयीनं मोबाइलवर पिवळं हेल्मेट दाबलं. शनिवारपासून रेघ पंचविसावर अडली होती.

पंचवीस नाही.

सहावी मालिका, भाग चौदा. बाविसावं मिनिट. तिथंच थांबवलेलं.

बाबांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं. कितीक दिवसांनी विचारलं, "आज?"

"चौदा."

"कमी झाले?"

"मागं आला बाबा. माह्यासाठी थांबला."

बाबा उठले, कपाटातून वायर काढली अन् टीव्हीला लावली.