थोरलीचा घसारा

३ एप्रिल
बरेच दिवस लिहिलं नाही, उशिराबद्दल माफी असावी. कुणाची मागतोय कळत नाही, रोजनिशी माझीच. पण उशीर तो उशीर. कारण नवा करकायदा. शेजारच्या कुलूपवाल्याने पेपर वाचून दाखवला. एक, पगारी माणूस ठेवला तर त्याच्यामागे मालकाने भरायचा टॅक्स वाढला. दोन, मशीनच्या घसाऱ्यावर जादा सूट. पहिल्याने छातीत धडधडलं, दुसऱ्याने जिवात जीव आला. घसारा आपल्याकडे मुबलक. बिजागऱ्या ठोकायची आपली प्रेस माझ्या लग्नाआधीची. म्हणून ही तिला ‘थोरली’ म्हणते.
संकल्प: घाबरायचं नाही. दुपारी झोपायचं नाही.

४ एप्रिल
दुपारी झोपलो. घाबरून.

६ एप्रिल, पहाटे
सुचलं. सूट घसाऱ्यावर, म्हणजे जितकी झीज तितकी सूट. आणि आम्ही मूर्ख, इतकी वर्षं थोरलीला रोज तेल पाजून आपल्याच पायावर धोंडा मारत आलो. तपासणीला साहेब आला आणि मशीन लोण्यासारखी चालताना दिसली, तर सूट कशाची देईल? तेल बंद. करसल्लागाराला विचारावं का? नको. तो तोंड उघडायची फी घेतो. माझी अक्कल फुकट आहे.

७ एप्रिल
मिस्त्रींना सांगितलं. थोरलीवर तेच बसतात. वयाने माझ्याहून लहान, तोंडाने मोठे. म्हणाले, मालक, बिजागऱ्या विकणाऱ्याने तेलाशी वैर धरलेलं पहिल्यांदा बघतोय. मी म्हटलं, कायदा आहे. म्हणाले, मग कायद्यालाच बसवा प्रेसवर. तेलाची कुपी माझ्या खणात ठेवून कुलूप घातलं. माणसाने ठाम असावं.

१२ एप्रिल
पहिला मुद्दाही निकालात. मिस्त्री पगारी नसतीलच, तर टॅक्स कसला? आजपासून ते कंत्राटदार. चहा पाजून समजावलं, की आता तुम्ही माझ्या बरोबरीचे, तुम्हीही मालक. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला. म्हणाले, मग उद्या मी माझ्या कारखान्यात उशिरा येईन. सही केली. लेकीचं बाळंतपण तोंडावर आलंय, काम सुटायला नको, असं काहीतरी पुटपुटले. नीट ऐकू आलं नाही, थोरली फार कुरकुरत होती.
हिने विचारलं, त्यांना मालक केलंत, मग त्यांच्या विम्याचं काय? बायकांना धंद्यातलं कळत नाही.

२० एप्रिल
झीज उत्तम चालू आहे. मिस्त्री म्हणतात क्लच अडकतो, पायडलवरून पाय काढला तरी एखादा ठोका जास्तीचा पडतो. मनात म्हटलं, शाबास थोरले. तोंडाने म्हटलं, जपून.
संकल्प: महिनाअखेरीला थोडं तेल द्यायचं. जास्त नाही.

२ मे
महिनाअखेर येऊन गेली. गुडघा दुखत होता.

५ मे, सकाळ
मिस्त्रींनी पुन्हा कुपी मागितली. म्हटलं, साहेब येऊन जाऊ द्या. म्हणाले, बघू, आधी साहेब येतो की माझी बोटं जातात. हसलो दोघेही.

५ मे, संध्याकाळ
जास्तीचा ठोका पडला. उजवा हात. तीन बोटं.
दवाखान्यातल्या बाईंनी विचारलं, पेशंटचा मालक कोण? मी पुढे झालो. माझ्याआधी मिस्त्री बोलले, मीच.

९ मे
विमावाले म्हणतात, कंत्राटदाराला आमचा विमा लागू नाही. तो तुमचा माणूस नव्हेच.
शेवटी करसल्लागाराकडे गेलो. म्हणाला, आजोबा, घसारा हिशेबात धरतात, मशीनवर नाही. कुणी बघायला येत नसतं. तुमची प्रेस तर हिशेबात कधीच शून्य झालीय. जादा सूट नव्या मशीनला आहे. मी विचारलं, आणि तेल? म्हणाला, तेलाचा खर्च पूर्ण वजा होतो, आधीपासूनच.
कंत्राटाचा कागदही त्याने परत सरकवला. तुमच्या जागेत, तुमच्या मशीनवर, तुमच्याच वेळेला येणारा माणूस नव्या कायद्यात कामगारच. टॅक्स भरावाच लागेल, वर दंड. म्हणजे टॅक्ससाठी मिस्त्री माझे आणि विम्यासाठी परके.
पेपर कुलूपवाल्याने नीट वाचला नसणार.

१४ मे
मिस्त्रींच्या घरी गेलो. दाराला कुलूप. समोरच्या म्हातारीने सांगितलं, लेक येऊन घेऊन गेली. नववा महिना तिला, तरी बापाला घास भरवते. पत्ता मागितला. तुम्ही कोण, म्हणाली. कारखान्यातला, म्हटलं.

२१ मे
खण उघडला. थोरलीला तेल दिलं, क्लचला, दट्ट्याला, सगळीकडे. रिकामीच चालवून पाहिली. कुरकुर नाही, काही नाही. लोण्यासारखी चालते. बसायला माणूस नाही.
हिने डबा पाठवलाय, मिस्त्रींचाही. सवयीने भरला म्हणे. दोन्ही डबे तसेच आहेत.
मिस्त्री, तुम्ही हे वाचणार नाही. तरी लिहून ठेवतो, की कामावर या. पगारी. टॅक्स, विमा, सगळं मी भरीन. कुपीला आता कुलूप नाही, तुमच्या उजव्या हाताशीच ठेवली आहे.
डावीकडे हलवली.
लिहिता येत नसेल तर लेकीकडून चार ओळी लिहून घ्या. पण निरोप लवकर धाडा.