घरघर गेली, फुसफुस राहिली

ती. सौ. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे आठांपैकी पाच अंगंच जमिनीला लागली असं समजून घे.) भाऊजींचा गुडघा कसा आहे? मागे तू म्हणालीस की ते आता दिवसातून एकदाच जिना चढतात आणि मग वरच राहतात. त्यांना माझा नमस्कार चहाबरोबर वर पाठवून दे. आमच्याकडे सगळं ठीक. फोन सोडून पत्र कशाला लिहितोय असं तुला वाटेल, तर त्याचं कारण असं की फोनवर तू मला दुसऱ्याच वाक्याला तोडतेस आणि विषय गुडघ्यावर नेतेस. पत्रात तुला तसं करता येत नाही. लहानपणापासून मला तुझ्याशी एकदा सलग बोलायचं होतं, ते आता बोलून घेतो.

तू विचारलं होतंस की नवा सोफा आला का. नाही आला. सोफ्याच्या पैशांतून मी कॉम्प्युटर बांधला. बांधला म्हणजे सुटे भाग आणून, घरच्या जेवणाच्या टेबलावर, या दोन हातांनी. (हसू नकोस. मी लावलेल्या फळीचं लहानपणी काय झालं ते मला आठवतं, आणि ती फळी तुझ्या डोक्यात पडली याबद्दल मी तेव्हाच माफी मागितली होती.) जुन्या सोफ्याची स्प्रिंग अजून तिथेच आहे. पाहुणे आले की आम्ही त्यांना डावीकडे बसवतो.

हे सगळं तुझ्या भावजयीच्या आवाजामुळे झालं. तुला माहीतच आहे, तिने हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर जन्म काढला. घाबरलेली माणसं फोन करायची आणि हिचं नुसतं ‘थांबा हं, जोडून देते’ ऐकून निम्मी बरी व्हायची. निवृत्त झाल्यापासून तो आवाज घरात नुसता पडून होता. माझ्याशी बोलायला एवढ्या चांगल्या आवाजाची गरज नसते, साधा चालतो. मग तिला कळलं की अंध वाचकांसाठी पुस्तकं वाचून, रेकॉर्ड करून देणारी एक संस्था आहे आणि त्यांना घरबसल्या वाचणारी माणसं हवी आहेत. तिने कुणालाही न सांगता एक जाडजूड कादंबरी काढली, पहिलं प्रकरण वाचलं आणि नमुना पाठवून दिला. उत्तर आलं की आवाज उत्तम आहे, पण मागे सतत घरघर आणि मधूनमधून फुसफुस ऐकू येते, तरी महिनाभरात स्वच्छ नमुना पाठवावा. तिने ते वाचलं, चष्मा काढून ठेवला आणि भांडी घासायला गेली. ताई, आपल्या घरात आल्यापासून या बाईने जे मागितलं ते मुलांसाठी, नाहीतर माझ्यासाठी. स्वतःसाठी काही हवं असलेली ती मी पहिल्यांदाच पाहिली, आणि ते आमच्या जुन्या कॉम्प्युटरच्या पंख्यापायी जाणार म्हटल्यावर मला ते सहन होईना.

आता शांतता या विषयात मला कुणी शिकवावं असं काही नाही. सगळी नोकरी मी वाचनालयात, वाचनकक्षाच्या टेबलामागे बसून केली. मुलं मला श्श्काका म्हणायची. (त्यांना वाटायचं मला माहीत नाही.) खुर्ची सरकली, कुणी खोकलं, कुणाचा पेन पडला, की मी मान वर न करता त्याचा बंदोबस्त करायचो. तेव्हा एका पंख्याला गप्प करणं ते काय, असं म्हणून मी आधी जुन्या कॉम्प्युटरवर जाड रजई घातली. आवाज लगेच कमी झाला. मी विजयी मुद्रेने हिच्याकडे पाहिलं. थोड्या वेळाने रजईखालून गिरणी सुरू झाल्यासारखा आवाज यायला लागला, कारण आत कोंडलेल्या उकाड्याने पंखा जीव खाऊन फिरत होता. शेवटी तो बंदच पडला. रजई इतकी ऊबदार झाली होती की मी ती कमरेवर घेऊन पडलो. कंबर तेवढी बरी झाली.

मग गेलो सुट्या भागांच्या दुकानात. दुकान एका बाईंचं आहे. जिन्याखालची चिंचोळी जागा, छतापर्यंत खोकी, आणि मधोमध त्या, कपाळावर बॅटरी बांधून. मी सांगितलं, मला आवाज न करणारा आणि सोफ्यापेक्षा महाग नसणारा कॉम्प्युटर हवा. त्यांनी विचारलं, काम काय करणार? मी म्हटलं, वाचणार. गेम? मी म्हटलं, बाई, आमच्याकडे पत्त्यांवरूनसुद्धा अबोला होतो. मग म्हणाल्या, ‘तर मग वेगळं ग्राफिक्स कार्ड नको, प्रोसेसरमध्ये असतं तेवढं पुरे.’ म्हणजे एक खर्च गेला आणि त्याच्याबरोबर त्याचे दोन पंखेही गेले. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते म्हणून ती खरखरते. नव्या प्रकारच्या डिस्कमध्ये हलणारं काहीच नसतं. पंखा मोठा घ्यायचा, कारण मोठा पंखा सावकाश फिरूनही तेवढीच हवा देतो. हे मला चटकन पटलं. वाचनालयात थोराड माणसं संथ चालत येत आणि त्यांच्या चपला वाजत नसत, धावायची ती चिल्लीपिल्ली. वीज पुरवणारा डबा गरजेपेक्षा जास्त ताकदीचा घ्यायचा, म्हणजे त्याच्यावर कामाचा ताण येत नाही आणि त्याचा पंखा बहुतेक वेळ झोपून असतो. आमचे हेडक्लार्क मला आठवले. तरीही मी प्रत्येक खोकं कानाला लावून पाहत होतो. बाईंनी बराच वेळ सहन केलं आणि मग म्हणाल्या की काका, ती अजून बंद आहेत.

सगळं त्यांचं ऐकलं असतं तर हे पत्र इथेच संपलं असतं. पण कॅबिनेट, म्हणजे हे सगळं ज्यात बसवायचं ते खोकं, मात्र मी माझ्या मताने घेतलं. त्या एक रुंद, बेढब खोकं दाखवत होत्या आणि मला एक उंच, सडपातळ, काळं आवडलं. थेट आमच्या संदर्भग्रंथांच्या कपाटासारखं दिसत होतं. घरी आलो. जेवणाच्या टेबलावर चादर अंथरली, सगळे भाग मांडले, हिने भिंग आणि टॉर्च धरला. प्रोसेसर बसवताना दोघांनीही श्वास रोखून धरला होता. त्याच्यावर उष्णता ओढून घेणारी एक पेस्ट लावायची असते, वाटाण्याएवढी. मी हिला विचारलं, सोललेला की सालासकट, तर तिने ट्यूब माझ्या हातातून काढून घेतली आणि स्वतःच लावली. मग त्याच्यावर, त्याला थंड ठेवणारा मोठ्या पंख्याचा कूलर बसवला. कॅबिनेटचं दार लावायला गेलो तर लागेना. कूलर कपाटापेक्षा दोन बोटं जाड. मी हातांनी दाबून पाहिलं, मग गुडघ्याने, मग हिला त्या दारावर बसायला सांगितलं. तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं. (कंबर पुन्हा धरली ती याच वेळी.) दुसऱ्या दिवशी तोंड पाडून दुकानात गेलो आणि ते बेढब खोकं घेऊन आलो. बाईंनी ते आधीच काउंटरवर काढून ठेवलं होतं.

अखेर सगळं जोडून झालं. बटण दाबलं. ताई, काय शांतता होती म्हणून सांगू. कान लावला, काही नाही. पाठीमागे कान लावला, तरी काही नाही. मी हिचा हात धरून म्हटलं, याला म्हणतात काम. ती म्हणाली, अहो, पडदा काळा आहे. विजेच्या डब्याला मागच्या बाजूला एक वेगळं बटण असतं, ते मी लावलंच नव्हतं. पण खरं सांगतो, ते लावल्यावरसुद्धा फारसा फरक पडला नाही. एवढा निळा दिवा दिसला म्हणून कळलं की चालू आहे.

हिने नव्याने वाचायला घेतलं, नमुन्याचं पहिलं प्रकरण आणि सरावासाठी पुढचीही. दार ओढून घ्यायची, आणि मी बाहेर पॅसेजमध्ये खुर्ची टाकून बसायचो, पहाऱ्याला म्हणून. दार नीट लागत नाही, त्यामुळे सगळं ऐकू येतं. ती कादंबरी एका दीपगृहाच्या रखवालदाराची आणि त्याच्या सासूची आहे. ती सासू दीपगृहावर दोन दिवसांसाठी म्हणून येते आणि मग वादळामुळे राहते. वादळ संपतं, तरी राहते. मी हे पुस्तक शेकडो वेळा शिक्का मारून लोकांना दिलं आहे आणि कधी उघडलं नाही. (वाचनालयात वाचायला वेळ कुणाला असतो?) हिच्या तोंडून ऐकताना मात्र मला खुर्ची सोडवेना. सासूबाई बोलायला लागल्या की हिचा आवाज किंचित नाकात जातो, आणि तो अगदी आपल्या आत्येसारखा लागतो. मी उशी तोंडावर धरून हसायचो.

पण कानाला हेडफोन लावून ऐकलं तर घरघर गेली होती आणि फुसफुस जशीच्या तशी होती. मधूनमधून, अर्ध्या क्षणाची, एकदम स्पष्ट. महिना संपत आलेला. मी विजेचा डबा बदलून आणला. फुसफुस होतीच. कॅबिनेटखाली रबर लावलं, पंखे एकेक करून बंद केले, टेबल भिंतीपासून लांब ओढलं. काही उपयोग नाही. हिला म्हटलं, तू काळजी करू नकोस. ती म्हणाली, मी करत नाहीये. ते तिने इतक्या शांतपणे म्हटलं की मला जास्तच काळजी वाटली.

शेवटी हात टेकले आणि रेकॉर्डिंग घेऊन दुकानात गेलो. बाईंनी हेडफोन लावून डोळे मिटून ऐकलं. पुन्हा ऐकलं. मग म्हणाल्या, ‘काका, हा आवाज नेहमी दुसऱ्या कुठल्यातरी आवाजानंतर येतो. बघा, बाहेर स्कूटर गेली, मग हा. कुणाचं तरी भांडं पडलं, मग हा. स्कूटरवर चिडणारा पार्ट अजून निघालेला नाही.’ तेवढ्यात मागे त्यांच्या नोकराच्या हातून स्क्रूंचा डबा पडला आणि फरशीभर स्क्रू झाले. मी मागे वळूनही पाहिलं नाही. फक्त म्हटलं, ‘श्श्.’

बाईंनी हेडफोन काढला. माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या काउंटरवर डोकं ठेवून हसायला लागल्या आणि मी खाली बसून स्क्रू गोळा करू लागलो, कारण दुसरं काय करावं ते सुचेना. ताई, मी शपथेवर सांगतो, आपण असं करतो हे मला माहीत नव्हतं. सोफ्याचे पैसे, कंबर, दोन कॅबिनेटं, आणि फुसफुसणारा पार्ट पॅसेजमध्ये खुर्ची टाकून बसला होता.

हिला मी सांगितलं की एक वायर सैल होती. तेव्हापासून ती वाचायला बसली की मी काहीतरी काम काढून बाहेर पडतो. स्वच्छ नमुना तयार झाला, तिने पाठवलाही. उत्तर यायचं आहे. ती दिवसातून कितीदा मेल उघडून बघते ते मला दिसतं, आणि मी बघत नाही असं दाखवतो. बाकी सर्व कुशल. कॉम्प्युटर उत्तम चालतो. तुलाही एक बांधून द्यायची माझी तयारी आहे. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
धाकटा

ता. क. मुद्द्याचं राहिलं. हिचा नमुना पसंत पडला (पडणारच) तर पूर्ण कादंबरी वाचायला दोन महिने तरी लागतील. तेवढे दिवस मी जाऊ कुठे? किराणा तीन महिन्यांचा भरून झाला आहे. न्हाव्याकडे या आठवड्यात दोनदा गेलो, आता तो नुसता खांदे चेपून पाठवतो. तेव्हा मी तुझ्याकडे राहायला आलो तर चालेल का? भाऊजींना वर सोबत होईल. हिला सांगेन की ताईची फार आठवण येते. ते खोटं नाही. पण तुला खरं सांगतो, मला जायचं नाहीये. पाचव्या प्रकरणात सासूबाई दिव्याच्या किल्ल्या मागून घेतात तिथेच माझं ऐकणं तुटलं. पुस्तक कपाटात आहे, वाचून काढू शकतो. काढून पाहिलं, दोन पानं वाचली. हिच्याशिवाय त्यात काही मजा नाही. पण तिचं काम माझ्यामुळे बिघडू नये एवढंच आता मला हवंय. लवकर कळव.

ता. क. दुसरा. वन्सं, नमस्कार. यांनी पत्र पाकिटात घालून माझ्याकडे दिलं आणि नेहमीप्रमाणे चिकटवायचं विसरले, म्हणून वाचलं. तो ‘श्श्’ मी पहिल्याच दिवशी ओळखला होता. बोलले नाही, कारण बोलले असते तर हे दारापाशी बसायचे थांबले असते. शेवटी थांबलेच. संस्थेला मी दोन नमुने पाठवले, एक हे न्हाव्याकडे असतानाचा आणि एक हे पॅसेजमध्ये असतानाचा. आज सकाळी त्यांचा फोन आला. काम मिळालं. तिथल्या बाई स्वतः अंध आहेत. त्या म्हणाल्या की स्वच्छ आहे त्यात तुम्ही घोषणा केल्यासारखं वाचता, दुसऱ्यात कुणालातरी सांगताय असं वाटतं. तसंच वाचा. फुसफुस आम्ही एका बटणाने काढून टाकतो. घरघरसुद्धा तशी निघते, आता नवं यंत्र आलंय, असं त्या म्हणाल्या, पण ते यांना कधीही सांगू नका. माझ्यासाठी यांनी स्वतःच्या हाताने केलेली ही पहिली वस्तू आहे, आणि मी रोज ती पुसते. आणि दुसरा नमुना का आवडला तेही सांगू नका, नाहीतर हे ताठ बसून ऐकायला लागतील आणि तेही मला वाचताना कळेल. म्हणून तुम्ही एवढंच करा. यांना उलट लिहा की घराला रंग काढलाय, दोन महिने येऊ नकोस. मी आज सहावं प्रकरण घेणार होते, पण ठेवलं. पाचवंच पुन्हा वाचतेय, किल्ल्यांपासून, दार थोडं उघडं ठेवून.