डावीकडची फट

ता. ९ फेब्रुवारी, दुपार

वहिनी,

नमस्कार. वर ‘सौ.’ लिहून खोडलंय, ते बघून रडू नका. हाताची सवय अजून जात नाही.

मी बरा आहे. इथेही गोदामच, पेट्यांवर पेट्या. खोली चौघांत मिळून एक, खिडकी एकाच्याच वाट्याला, तो मी नाही. तुमचं पत्र पोचलं. ‘भाऊजी, फिरणं पुरे झालं, घरी या, तुमची खाट तशीच आहे’, एवढंच तीनदा वाचलं. त्याचं उत्तर शेवटी लिहितो.

आधी इथली गंमत. कारकुनाच्या टेबलावर जुना कॉम्प्युटर आहे. काळा पडदा, हिरवी अक्षरं, बाकी काही नाही. त्यात जेवणाच्या सुट्टीत मी ठोकळ्यांचा खेळ खेळतो. वरून ठोकळे पडतात, फिरवून फिरवून रचायचे. ओळ सलग भरली की नाहीशी होते. आमचाच धंदा, फक्त पाठ दुखत नाही.

डाव संपला की कॉम्प्युटर नाव विचारतो. मला इंग्रजी अक्षरं दोनच येतात, डी आणि ए. म्हणून ‘दादा’ लिहितो. तेवढंच दादाने शिकवलं होतं.

महिन्यापूर्वी यादीत सगळ्यांच्या वर एक ‘दादा’ आला. तेवढे गुण मला जन्मात जमायचे नाहीत. कारकुनाला विचारलं.

“तूच खेळला असशील.”

“मी दोन दिवस तापाने पडून होतो.”

“मग तापात खेळलास. मला माझा चष्मा सापडत नाही, तुझं काय विचारतोस.”

आता रोज जाऊन बसलो की डाव अर्धा रचलेला असतो. रचाई घट्ट. फक्त डावीकडे, कडेला लागून, खालपासून वरपर्यंत एक फट मोकळी. तिकडच्या गोदामात तुम्ही डबा घेऊन यायचात तेव्हा दादा माझ्यावर ओरडायचा, आठवतं? “भिंतीकडे माणूस मावेल एवढी फट सोड, गाढवा. थर कोसळला तर निसटायचं कुठून?”

त्या दिवशी थर कोसळला तेव्हा तो भिंतीकडेच धावला, वहिनी. धावणारच. लोक म्हणाले, नशीब. मीही मान डोलावली.

फट नव्हती. मला सिनेमाला जायचं होतं. अकरा पेट्या उरल्या होत्या, त्या मी फटीत घातल्या.

आज डावात उभं दांडकं आलंय. फटीच्या बरोब्बर वर थांबलंय. एक कळ दाबली की फट भरेल, गुण वाढतील. मी हात लावलेला नाही. कारकुनाला म्हटलं, बंद करू नका. तो म्हणाला, “मी रोज बंद करूनच जातो रे. सकाळी चालूच असतो.”

खाट ठेवायची की काढायची, ते तुम्ही लिहा. तोवर फट मोकळी ठेवतो.

तुम्ही म्हणाल तरच तुमचा,
भाऊजी